चवड्याची आग आणि बुटातला सुखतळा

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देते:

“मॅडम, नमस्कार. मी ४६ वर्षांची, नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते, शाळेत शिकवते. तीन-चार वर्षांपासून सायकल चालवून राहिले. आमचा ग्रुप रविवारी रामटेकला जातो. मागच्या दिवाळीत क्लीटचे, म्हणजे पॅडलला अडकणारे, बूट घेतले. तेव्हापासून कन्हानचा पूल ओलांडला की दोन्ही पायांच्या चवड्यांची आग सुरू होते, आणि मनसरपर्यंत उजव्या पायाचं तिसरं-चौथं बोट बधिर पडतं. बूट काढला की दहा मिनिटांत ठीक. सीताबर्डीतून जेलचे जाड इनसोल (सुखतळे) आणले, तर आता कन्हानच्या आधीच आग होते! ग्रुपमधले एक जण म्हणतात साडेचार हजारांचे इम्पोर्टेड घ्या. माझे पाय सपाट आहेत असं लहानपणापासून ऐकत आले. मिस्टर म्हणतात, कशाला एवढे सोपस्कार, चप्पल घालून चालव. डिसेंबरात २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळात पूर्ण करायची २०० किलोमीटरची सायकल राइड) करायची इच्छा आहे. कोणते इनसोल घेऊ?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: जेल टाकल्यावर त्रास वाढला आणि लवकर सुरू झाला. पाय मऊ गादीसाठी आसुसलेले असते, तर जेलनं थोडा तरी आराम पडला असता. तुमच्या पावलांना बुटात जागा पुरत नाहीये, आणि जेलनं उरलीसुरली जागाही खाल्ली. तेव्हा नवा इनसोल घेताना मऊपणा सगळ्यात शेवटी पाहा. आधी पाहायची जागा, मग कमानीचा आधार.

असं का ते सांगते, कारण हे पटलं की दुकानात तुम्हाला कुणी काहीही गळ्यात मारू शकणार नाही.

चालताना टाच आधी टेकते, मग भार पुढे सरकतो आणि चवड्यावरून पाऊल उचललं जातं. जेलचे इनसोल बनतात ते या चालीसाठी. टाचेला बसणारा दणका त्यांनी झेलावा, एवढंच त्यांचं काम, आणि ते काम ते चांगलं करतात. सायकलवर टाच कुठेच आपटत नाही. पाऊल पॅडलवर चवड्यानं टेकलेलं असतं आणि सगळा जोर तिथूनच उतरतो. मिनिटाला ८५ फेरे धरले तर तासाला ५,१०० वेळा तोच दाब, त्याच जागी, त्याच पायावर. क्लीटच्या बुटाचा तळ कडक असतो, तो वाकत नाही, त्यामुळे चालताना बोटं जशी उघडझाप करतात तशी इथे करत नाहीत. चवड्यात पाच लांब हाडं आहेत आणि त्यांच्या मधून बोटांकडे नसा जातात. वरून पट्टा, खालून जाड जेल आणि बाजूंनी बुटाची भिंत अशी ती हाडं चहूकडून आवळली गेली की मधल्या नसा चेपतात. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधली जागा या बाबतीत विशेष नाजूक. तुमची नेमकी तीच बोटं बधिर पडतात.

म्हणून आज संध्याकाळी जेल काढून टाका. फेकू नका, सकाळी फिरायला जायच्या बुटात ते छान चालतील. बुटाचे मूळ इनसोल सापडत असतील तर परत घाला. संध्याकाळी म्हणते आहे ते मुद्दाम: दिवसभर उभं राहून शिकवल्यावर पाय थोडे सुजलेले असतात, आणि लांब राइडमध्येही ते तसेच होतात. आपल्याकडच्या उन्हात तर होतातच. सकाळी गार पायांनी घेतलेला बूट दुपारी आवळणारच.

आता मूळ इनसोल बाहेर काढून फरशीवर ठेवा, राइडचे मोजे घाला आणि त्यावर उभ्या राहा. टाच मागे नीट बसवा. करंगळी किंवा चवड्याची बाहेरची कड इनसोलच्या बाहेर सांडतेय का, ते वाकून न पाहता घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा, कारण वाकलं की भार सरकतो. दोन्ही पायांचं वेगवेगळं पाहा. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, आणि फिटिंग मोठ्या पायाचं करायचं. दोन-चार मिलिमीटर बाहेर येत असेल तर पट्टे सैल करून निभतं. करंगळी चांगलीच बाहेर लोंबत असेल, तर ताई, मी स्पष्ट सांगते, साडेचार हजारांचा इनसोलही तुमचा त्रास बरा करणार नाही. ते पैसे रुंद बुटासाठी राखून ठेवा. आपल्याकडे चवडा पसरट असणारे खूप आहेत आणि युरोपी मापाचे बरेच बूट पुढे निमुळते. एक नंबर मोठा बूट घेऊन लोक वेळ मारून नेतात, पण मग लांबी वाढते, टाच उचलली जाते आणि क्लीटची जागाही चुकते. शिमानोच्या काही मॉडेलमध्ये त्याच नंबरात ‘वाइड’ मिळतो. तो मागवायला लावा, थांबायला लागलं तरी चालेल.

इनसोल बाहेर असतानाच बुटात हात घाला आणि तळावरून बोटं फिरवा. कमी किमतीच्या काही बुटांत क्लीटच्या स्क्रूची पट्टी आतून वर आलेली असते, कधी वरचा स्टिकर सुटून त्याची घडी पडते. पातळ इनसोलखाली तो उंचवटा नेमका चवड्याला टोचतो. असं काही हाताला लागलं तर ते आधी सपाट करा. नवा स्टिकर किंवा पातळ टेप पुरते.

जुन्या इनसोलकडे उजेडात नीट पाहा. तो तुमच्या पायाचा नकाशाच आहे. काळपट, दबलेले खड्डे कुठे पडलेत? तुमच्या उजव्या इनसोलवर मधल्या दोन-तीन बोटांच्या मागे खोल डाग असेल आणि कमानीची जागा अगदी नवी कोरी असेल, असा माझा अंदाज आहे. याचा अर्थ पाऊल टाचेवर आणि चवड्यावर टेकलंय, मधला भाग रिकामा आहे. बुटासोबत येणारे इनसोल बहुतेक असेच असतात, पातळ फोमची सपाट पट्टी. चांगला इनसोल ही मधली पोकळी भरून काढतो. भार मध्यभागीही वाटला गेला की चवड्यावरचा दाब आपोआप उतरतो. चवड्याखाली गादी घालून तो उतरत नाही.

आता तुमच्या सपाट पायांबद्दल. लहानपणापासून ऐकलंय, म्हणजे ते तपासून पाहायलाच हवं. आधी खुर्चीवर बसून पाय नुसता टेकवा आणि आतल्या बाजूनं कमान दिसते का पाहा. मग उभ्या राहा. मग भिंतीला धरून चवड्यांवर उचला. बसल्यावर आणि चवड्यांवर उचलल्यावर कमान दिसते, नुसतं उभं राहिल्यावर बुडते, तर तुमचा पाय लवचिक सपाट आहे, आणि अशा पायाला बऱ्याचदा आधाराचा छान उपयोग होतो. तिन्ही वेळा सपाटच राहिला तर तो ताठर सपाट. त्याला उंच कमानीचा इनसोल जबरदस्तीनं घातला तर आतल्या कडेला नवं दुखणं लागेल, तिथे कमी उंचीचाच घ्यायचा. ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून पाहायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, तीही करा, पण एकट्या ठशावर भरवसा ठेवू नका. तो फक्त उभं असतानाचं सांगतो.

कमानीच्या उंचीइतकीच, माझ्या मते जास्तच, महत्त्वाची आहे कमानीची जागा. याकडे दुकानात कुणी लक्ष देत नाही. दोघींचा बुटाचा नंबर एकच असतो, पण एकीची बोटं लांब आणि कमान आखूड, दुसरीचं उलटं. इनसोलचा उंचवटा तुमच्या कमानीच्या मागे किंवा पुढे आला तर तो आधार न होता खडा होतो. म्हणून नुसता नंबर सांगून ऑनलाइन मागवू नका. टाचेपासून अंगठ्याच्या मागच्या जाड सांध्यापर्यंत टेपनं मोजा, ते माप लिहून ठेवा, आणि इनसोलवर उभं राहून उंचवटा त्या सांध्याच्या मागे संपतो का ते पाहा. सांध्याखाली घुसत असेल तर तो तुमचा नाही, कितीही महाग असो.

तुमच्या बधिर बोटांसाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फार स्वस्त आहे. चवड्याच्या थोडं मागे, हाडांची टोकं जिथे संपतात तिथे, एक छोटीशी घुमटी चिकटवतात. याला मेटाटार्सल पॅड म्हणतात. ती हाडं किंचित पसरवते, मधल्या नसेला जागा देते. मेडिकल स्टोअरमध्ये किंवा कमरेचे पट्टे, नी-कॅप विकणाऱ्या सर्जिकलच्या दुकानात सुटी मिळते. पण ती दोन-तीन मिलिमीटर जरी पुढे बसली तरी दुखऱ्या जागेच्या बरोबर खाली येते, आणि मग लोक म्हणतात पॅडनं वाट लावली. जागा शोधायची सोपी पद्धत सांगते. तळपायावर बोटानं दाबून सगळ्यात दुखरी जागा शोधा. तिथे लिपस्टिकचा ठिपका लावा. मोजा न घालता इनसोल बुटात ठेवून बूट घाला, पट्टे लावा, एकदा उभ्या राहा, आणि पाय सरळ वर काढा. इनसोलवर ठिपका उमटलेला असेल. घुमटीची पुढची कड त्या ठिपक्याच्या मागे आली पाहिजे, टाचेच्या बाजूला. पहिल्यांदा कायमची चिकटवू नका, दुहेरी टेपनं लावा आणि राइडनंतर थोडी मागे-पुढे करून बघा. बरोबर बसली की ती जाणवत नाही, फक्त बोटं उशिरा बधिर होतात, मग होतच नाहीत.

आता साडेचार हजारांचा प्रश्न. त्या किमतीत काय मिळतं ते सांगते, मग तुम्ही ठरवा. सायकलसाठीच बनवलेले चांगले इनसोल कमानीच्या दोन-तीन उंचींत येतात. स्पेशलाइज्डच्या बॉडी जॉमेट्री मालिकेत लाल म्हणजे कमी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे उंच. त्यांत मी वर सांगितलेली घुमटीही आधीच बसवलेली असते. काही कंपन्यांचे इनसोल असे असतात की कमानीचे तुकडे बदलून उंची कमी-जास्त करता येते. कमानीखाली कडक कवच आणि चवड्याखाली पातळ, ही त्यांची खरी खासियत. ज्याला ते बसतात त्याला पैसे वसूल वाटतात, यात शंका नाही. पण तुमची पहिली पायरी ती नाही. सात-आठशे ते हजार-दीड हजारांत कडक कमानीचे स्पोर्ट्स इनसोल मिळतात. दुकानात अंगठ्यानं कमान जोरात दाबून पाहा. सहज बसली तर परत ठेवा, कारण पायाचा भार तुमच्या अंगठ्यापेक्षा फार जास्त असतो. चवड्याकडचा भाग दोन बोटांत धरून तुमच्या मूळ इनसोलच्या जाडीशी ताडून पाहा. जाड असेल तर घेऊ नका. हे दोन निकष पाळले तर तुमच्या कामाची जोडी सापडायला हवी. सोबत बूट न्या, घरूनच राइडचे मोजे घालून जा. बुटात घालून पाहू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

कापताना घाई करू नका. जुना इनसोल नव्यावर टाच जुळवून ठेवा, बारीक पेननं पुढची कड आखा आणि आखलेल्या रेषेच्या थोडं बाहेरून कापा. बुटात घालून पाहा, मग अजून थोडं. टाचेला आणि कमानीला कात्री लावायची नाही. लांब कापला तर पुढे सुरकुती पडून बोटांना लागतो, आखूड कापला तर मागे-पुढे सरकतो. कात्रीचा हात बसलेला नसेल तर बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे न्या. त्यांच्या धारदार रापीनं जी कड निघते ती घरच्या कात्रीनं निघत नाही.

इनसोलइतकाच फरक दोन फुकटच्या गोष्टींनी पडतो, त्या आधी करा. एक म्हणजे पट्टे. चवड्यावरचा सगळ्यात पुढचा पट्टा सैल ठेवा, त्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. पाय धरून ठेवायचं काम वरच्या पट्ट्याचं. आणि जाड सुती मोजे सोडा, ते जागाही खातात आणि घामानं ओले राहतात. दुसरी गोष्ट क्लीटची. ती पुढे बसवलेली असेल तर ३ ते ५ मिलिमीटर मागे घ्या. चवड्याच्या टोकावरचा जोर मागे सरकतो आणि आग बरीच कमी होते. आधी जुन्या जागेभोवती पेननं रेघ मारा, म्हणजे परत यायचं झालं तर वाट सापडेल. क्लीट मागे गेली की सीट किंचित खाली घ्यावी लागते. उलट, नव्या इनसोलनं पाऊल जेवढं वर उचललं जाईल तेवढी सीट वर. क्लीट सरकवणं आणि नवा इनसोल घालणं ही दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका, नाहीतर आराम कशानं पडला ते कळणार नाही. त्यातच मोठा गिअर टाकून जोर लावत चालवायची सवय असेल तर एक गिअर हलका करा. फेरे वाढले की प्रत्येक फेऱ्यातला दाब घटतो.

बुटाखाली आतल्या-बाहेरच्या बाजूला पाचर लावायचा सल्ला ग्रुपमध्ये कुणी देईल. तो स्वतःच्या मनानं करू नका. पावलाचा कोन बदलला की गुडघ्याची रेषा बदलते, आणि चवड्यापेक्षा गुडघ्याचं दुखणं जास्त छळतं. ते सायकलचं फिटिंग करून देणाऱ्या जाणकारानं तुम्हाला सायकलवर बसवून, पाहून करायचं काम आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. बूट काढल्यावर दहा मिनिटांत बरं वाटतं, हे चांगलं लक्षण आहे. पण घरात अनवाणी चालताना तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मध्ये खडा आल्यासारखं वाटत असेल, वीज चमकल्यासारखी कळ जात असेल, किंवा सायकल नसतानाही बोटं बधिर असतील, तर इनसोलचा शोध थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखवा. नसेभोवती गाठीसारखी जाडी आली असेल तर ती लवकर कळलेली बरी. आणि ४६ व्या वर्षी रक्तातली साखर एकदा तपासून घ्या. मधुमेहात पायाची जाणीव कमी होऊ शकते, आणि अशा पायात जखम झाली तरी कळत नाही. डॉक्टरांनी मापानं बनवलेला इनसोल दिला, तर तो सायकलच्या बुटात घालायचा आहे हे आधीच सांगा. चालण्यासाठी बनवलेले टाचेकडे रुंद असतात, या बुटांत बसत नाहीत.

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. बीआरएमला क्लीटचे बूट लागतातच असा नियम नाही. सपाट पॅडल आणि कडक तळाचे साधे बूट घालूनही २०० किलोमीटर साडेतेरा तासांत होतात. नुसत्या मऊ चप्पलेनं मात्र नाही, कारण ती पॅडलवर वाकते आणि सगळा दाब एका रेघेवर येतो. शिमानो क्लीट बसणारी सँडलही बनवते, आणि उन्हाळ्यात लांब पल्ला मारणारे काही जण ती आवडीनं वापरतात: बोटं मोकळी, सूज आली तर पट्टा सैल. याच शहरातल्या डॉ. अमित समर्थांनी २०१८ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, एकट्यानं पूर्ण केली, तेव्हा अंतराला घाबरायचं कारण तुम्हालाही नाही. पाय मोकळे हवेत, एवढंच.

नव्या इनसोलची पहिली चाचणी थेट रामटेकला नको. आधी आठवडाभर घरात आणि सकाळच्या फुटाळा-सेमिनरी हिल्सच्या छोट्या फेरीत वापरा. सेमिनरी हिल्सचा चढ मुद्दाम घ्या, कारण चढावर जोर वाढतो आणि काही खुपत असेल तर लगेच कळतं. मग सिमेंटच्या रस्त्यावर न्या, तिथल्या जोडांवरचे बारीक धक्के तळपायाला वेगळेच लागतात. कमानीखाली सुरुवातीला हलकं काहीतरी आहे असं जाणवणं ठीक, पण दुखणं ठीक नाही. चौथ्या-पाचव्या राइडला ती जाणीवही गेली पाहिजे. गेली नाही तर एक पायरी कमी कमानीचा बदलून घ्या.

राइडवरून आल्यावर इनसोल बाहेर काढून सावलीत, पंख्याखाली वाळवा. गच्चीवरच्या उन्हात ठेवू नका, फोम आखडतो आणि गोंद सुटतो. मे महिन्यात कारच्या डिकीत तर मुळीच नको, तिथे त्यांचा आकारच बिघडतो. पावसाळ्यात बुटात वर्तमानपत्राचे बोळे, इनसोल वेगळे. कमान दाबल्यावर पूर्वीसारखी उसळून वर येत नसेल तर जोडी बदलायची, वरून कितीही नवी दिसली तरी.

डिसेंबरच्या आधी या इनसोलवर किमान दोन राइड १०० किलोमीटरच्या होऊ द्या. बीआरएमच्या दिवशी प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणीच्या ठिकाणी, शिक्का घेताना बूट सैल करून बोटं हलवा. आणि मूळ पातळ इनसोल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हँडलच्या बॅगेत ठेवा. अर्ध्या वाटेत काही खुपलंच तर दोन मिनिटांत बदलता येतील.